आयाहुआस्का, पेयोटे, मशरूम, इबोगा: उपचाराच्या विधींतल्या पवित्र वनस्पतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि बहुतेकदा एकाच वाक्यात येतात की बाबा यातलं सगळ्यात स्ट्राँग कुठलं. त्या प्रश्नाचं उत्तर खाली आहे पण त्याआधी सांगतो, तुलना फक्त वनस्पतीची केली तर अर्धीच होते, कारण या सगळ्या परंपरांत वनस्पती ही उपचाराचा एक भाग असते, बाकीचा भाग म्हणजे वैदू, त्याची गाणी, पथ्य, रात्र, आणि आजूबाजूला बसलेली माणसं. म्हणून इथे प्रत्येक ठिकाणी मी तीन गोष्टी बघितल्यात: आजारी कोण, घेतं कोण आणि गातं कोण.

मुळात कुठल्या वनस्पतींबद्दल बोलतोय आपण?

मुख्य पाच. ॲमेझॉनच्या जंगलातला आयाहुआस्का हा काढा. मेक्सिकोचा उत्तर भाग आणि टेक्सासचा दक्षिण भाग इथे उगवणारा पेयोटे, हा एक छोटा बिनकाट्यांचा निवडुंग. पेरू आणि इक्वेडोरच्या अँडीज डोंगरातला सॅन पेड्रो, तोही निवडुंगच पण उंच खांबासारखा. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातले सिलोसायबिन मशरूम. आणि मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनचा इबोगा, ज्याच्या मुळाची साल वापरतात. मशरूम ही शास्त्राच्या हिशोबाने वनस्पती नाहीच, बुरशी आहे, पण बोलताना सगळे एकत्रच धरतात म्हणून इथेही धरलंय.

मग सगळ्यात स्ट्राँग कुठलं?

स्ट्राँग म्हणजे काय त्यावर आहे. वेळेच्या हिशोबाने बघितलं तर इबोगा, कारण त्याचा असर एक दिवस उलटून गेला तरी चालू असतो आणि माणूस पुढचे एकदोन दिवस झोपेविना अंथरुणाला खिळून राहू शकतो. पेयोटे आणि सॅन पेड्रो साधारण दहा-बारा तास. मशरूम आणि आयाहुआस्का चार ते सहा तासांत उतरतात. पण चार तासांचा आयाहुआस्का काही जणांना आयुष्यातला सगळ्यात अवघड अनुभव वाटतो आणि पेयोटेची अख्खी रात्र काही जण शांतपणे प्रार्थना करत काढतात, त्यामुळे नुसते तास मोजून काही हाती लागत नाही. धोक्याच्या हिशोबाने विचारत असाल तर उत्तर सरळ आहे, इबोगा सगळ्यात धोकादायक, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आयाहुआस्का म्हणजे एकच झाड आहे का?

नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात थक्क करणारी वाटते. काढा दोन वनस्पतींचा असतो. एक वेल, बॅनिस्टेरिऑप्सिस कापी, आणि एका झुडपाची पानं, चाक्रूना. पानांत डीएमटी हे भास-दृश्यं दाखवणारं द्रव्य असतं, पण नुसती पानं उकळून प्यायली तर काहीच होत नाही कारण आपल्या आतड्यात आणि लिव्हरमध्ये एमएओ नावाचं एन्झाइम असतं ते डीएमटीला मोडून टाकतं. वेलीत हार्मिन, हार्मलिन ही द्रव्यं असतात, ती नेमकं तेच एन्झाइम थांबवतात, मग डीएमटी रक्तात पोचतं आणि मेंदूपर्यंत जातं. इतक्या हजारो झाडांच्या जंगलात ही जोडी लोकांना सापडली कशी, याला त्या लोकांचं उत्तर साधं आहे, झाडांनीच सांगितलं. शास्त्रज्ञ म्हणतात आधी वेल एकटीच वापरात असेल, मग तिच्यात वेगवेगळी पानं घालून बघता बघता जोडी जमली असेल.

केचुआ भाषेत आया म्हणजे मृतात्मा आणि वास्का म्हणजे दोरी किंवा वेल. नाव वेलीचं आहे, पानांचं नाही, हे लक्षात ठेवा, कारण बाहेरचे लोक सगळं क्रेडिट डीएमटीला देतात आणि तिथले वैदू मात्र वेलीलाच गुरू मानतात.

तिथे आजारी माणूसच काढा पितो ना?

आता पितो. पूर्वी बऱ्याच समाजांत वैदू पीत असे, आजारी माणूस नुसता समोर झोपलेला असे. वैदू का प्यायचा, तर आजार कुठून आलाय ते बघायला, कुणी करणी केली का, शरीरात काही घुसवलंय का, आणि मग ते चोखून किंवा फुंकून काढायला. म्हणजे काढा हे औषध कमी आणि वैदूचा चष्मा जास्त होता. समोरच्याला द्यायचं ही पद्धत गेल्या काही दशकांत बाहेरून माणसं यायला लागल्यावर फार वाढली. हा फरक कळला ना की तुलनेचा अख्खा तक्ताच बदलतो, कारण एखादी गोळी डॉक्टरने स्वतः घ्यायची आणि पेशंट बरा व्हायचा असं आपल्याकडच्या दवाखान्यात कधी बघितलेलं नसतं.

पेरूमधल्या शिपिबो-कोनिबो लोकांत वैदू रात्रभर इकारो गातात, इकारो म्हणजे झाडांकडून शिकलेली उपचाराची गाणी. प्रत्येक पेशंटसमोर बसून त्याच्यासाठी वेगळं गाणं. ती गाणी मिळवायला वैदूला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पथ्य पाळावं लागतं, मीठ नाही, साखर नाही, डुकराचं मांस नाही, शरीरसंबंध नाही, एकटं राहायचं आणि एकेका झाडाचा काढा घेत राहायचं. त्यांचं म्हणणं असं की बरं गाण्याने होतं, काढा फक्त ते गाणं ऐकू यायला मदत करतो. 2008 मध्ये पेरूने ॲमेझॉनमधल्या मूळ समाजांचं आयाहुआस्काबद्दलचं पारंपरिक ज्ञान आणि वापर राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला.

उलटी होते म्हणतात, ते खरंय का?

खरंय. त्याला तिथे ला पुर्गा म्हणजे सफाई म्हणतात आणि अनेक जुन्याजाणत्यांच्या मते उपचाराचा मोठा भाग तोच. पेयोटेमध्येही मळमळ होतेच, तो प्रचंड कडू असतो.

पेयोटे आणि सॅन पेड्रोमध्ये एकच द्रव्य आहे ना, मग फरक काय?

द्रव्य एकच, मेस्कलिन. आर्थर हेफ्टर या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये स्वतःवर प्रयोग करून पेयोटेमधलं हे द्रव्य ओळखलं. पण दोन्ही विधी शेजारी ठेवून बघितले तर कुणी म्हणणार नाही की यात एकच केमिकल आहे.

मेक्सिकोतले विक्सारिका लोक, ज्यांना बाहेरचे हुइचोल म्हणतात, ते पेयोटेला हिकुरी म्हणतात आणि तो आणायला विरिकुता नावाच्या वाळवंटात जातात, हे सान लुईस पोतोसी राज्यात आहे. यात्रा शेकडो किलोमीटरची, वाटेत झऱ्यांवर नैवेद्य, आपल्या चुका सगळ्यांसमोर कबूल करणं, आणि तिथे पोचल्यावर पेयोटे खुडत नाहीत तर त्याची शिकार करतात, कारण त्यांच्यासाठी हरीण, मका आणि हिकुरी एकच आहेत, पहिला पेयोटे दिसला की त्याला बाण मारतात. या यात्रामार्गाला 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चर्चमध्ये हाच पेयोटे वेगळा होतो. हे चर्च 1918 मध्ये ओक्लाहोमात रजिस्टर झालं. सूर्यास्तानंतर टिपी तंबूत सगळे गोल बसतात, मध्ये आग आणि चंद्रकोरीसारखी मातीची वेदी, पाणी भरलेला ढोल आणि खुळखुळा एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो, ज्याच्याकडे येईल तो चार गाणी म्हणतो. म्हणजे इथे सगळेच घेतात आणि सगळेच गातात. सकाळी पाणी आणि जेवण. कुणाचं आजारपण, कुणाची दारू सुटावी, कुणाचा मुलगा सैन्यातून सुखरूप यावा, अशा नेमक्या कारणासाठी रात्र ठेवलेली असते, उगाच बसू म्हणून कुणी बसत नाही.

सॅन पेड्रोचा विधी उत्तर पेरूत मेसावर होतो. मेसा म्हणजे कापडावर मांडलेली तलवारी, काठ्या, शंख, दगड, संतांच्या मूर्ती यांची मांडणी. वैदू त्यावरून पेशंटचा आजार आणि नशीब वाचतो. नाव सेंट पीटरचं, ज्याच्या हातात स्वर्गाच्या किल्ल्या आहेत तो, म्हणजे स्पॅनिश लोकांचा धर्म आल्यावर जुन्या निवडुंगाने नवीन नाव घेतलं आणि टिकला. त्याआधीचं नाव वाचुमा. चाविन दे हुआंतार इथल्या जवळपास तीन हजार वर्षं जुन्या देवळात एका कोरीव आकृतीच्या हातात हाच निवडुंग दिसतो.

मशरूमची गोष्ट काय आहे? मारिया साबिनाचं नाव सगळीकडे येतं.

ही गोष्ट मला त्रास देते, म्हणून जरा लांब लिहितो. ओआहाकाच्या डोंगरात उआउत्ला दे हिमेनेझ हे माझातेक लोकांचं गाव. तिथे घरात कुणी आजारी पडलं आणि कारण कळेना की वैदूला बोलवायचं, रात्री दिवे विझवून जागर करायचा, मशरूम जोडीजोडीने खायचे, वैदू तर खातेच, कधी पेशंटही खातो, आणि मग अंधारात तासन्‌तास तिचं गाणं. एक प्रकारचा कौलच तो, आजार बरा होणार का, हरवलेला माणूस कुठे आहे, हे विचारायचं. मशरूमना ते पवित्र बाळं म्हणतात. भूल म्हणून किंवा मजा म्हणून नाही, देव दिसावा म्हणूनही नाही.

1955 मध्ये गॉर्डन वॅसन हा न्यूयॉर्कचा बँकर तिथे पोचला आणि मारिया साबिना या तिथल्या वैदू बाईने त्याला जागरात बसू दिलं. 1957 मध्ये त्याने लाइफ मासिकात लेख लिहिला, तिचं आणि गावाचं नाव बदलून, पण ते लपलं नाही. 1958 मध्ये अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने त्या मशरूममधून सिलोसायबिन वेगळं काढलं. साठच्या दशकात उआउत्लात बाहेरच्या तरुणांची रांग लागली, पोलीस आले, गावकरी तिच्यावर चिडले, तिचं घर जाळलं गेलं. ती 1985 मध्ये गेली, गरिबीतच. तिने उतारवयात सांगितलं होतं की परदेशी लोक यायला लागल्यापासून बाळांची ताकद गेली, आधी लोक फक्त आजारी माणसासाठी यायचे.

आज सिलोसायबिनवर जगभर रिसर्च चालू आहे, ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी ते लिहून देऊ शकतात. ही चांगली गोष्ट आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. फक्त हे सगळं जिच्या दारातून बाहेर आलं तिला काय मिळालं हे विसरून तुलना करता येत नाही मला.

इबोगा इतका वेगळा का मानतात?

कारण तो जवळपास सगळ्याच बाबतीत वेगळा आहे. सिलोसायबिन, डीएमटी आणि मेस्कलिन हे तिन्ही मुख्यतः मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एकाच रिसेप्टरवर काम करतात, इबोगातलं इबोगेन मात्र एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी हात घालतं. विधीही वेगळा. गॅबॉनमध्ये ब्विती परंपरेत तो दीक्षेसाठी देतात, बहुतेकांना आयुष्यात एकदाच मोठ्या प्रमाणात. दीक्षा घेणाऱ्याच्या चेहऱ्याला पांढरी माती, रात्रभर वीणेसारखं एक वाद्य आणि नाच, शेजारी सतत बसलेली दीक्षेतली आई किंवा बाप, आणि तो माणूस आपल्या पूर्वजांना भेटून परत येतो असं मानतात. म्हणजे नवीन जन्मच. आजारपण बरं करायलाही देतात, पण आधी दीक्षा.

बाहेर त्याचं नाव झालं ते व्यसनामुळे. 1962 मध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ नावाच्या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन तरुणाने ते घेतलं आणि त्याच्या लक्षात आलं की हेरॉइन बंद करूनही नेहमीचा त्रास होत नाहीये.

मग व्यसन सोडवायला इबोगाच घ्यावा का?

घाई करू नका. इबोगेन हृदयाच्या ठोक्यांमधलं एक अंतर लांबवतं, ज्याला ईसीजीमध्ये क्यूटी म्हणतात, आणि त्यातून ठोके बिघडून माणसं दगावलेली आहेत. हे अफवांमधलं नाही, मेडिकल रेकॉर्डमधलं आहे. 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने 30 माजी सैनिकांवरचा अभ्यास छापला, त्यात हृदय जपायला सोबत मॅग्नेशियम दिलं होतं आणि रिझल्ट चांगले होते, पण तो छोटा अभ्यास होता, तुलनेसाठी दुसरा ग्रुप नव्हता आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं. कुठल्यातरी खोलीत ईसीजीशिवाय घेणं हे जिवाशी खेळणं आहे.

इतर औषधं चालू असतील तर?

डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर आयाहुआस्का जिवावर बेतू शकतो, कारण वेल एमएओ थांबवते आणि गोळ्या सेरोटोनिन वाढवतात, दोन्ही एकत्र आले की ताप, थरथर, गोंधळ, झटके असं सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतं. आणि म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, त्याचेही वेगळे धोके असतात, ज्या डॉक्टरने दिल्यात त्याच्याशी मोकळेपणी बोला. लिथियम चालू असताना सिलोसायबिन घेऊन फिट आल्याच्या नोंदी आहेत. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल, किंवा हार्टचा त्रास असेल, तर हे सगळे विधी लांब ठेवलेलेच बरे.

धोतरा पण पवित्र आहे ना, तो यात का नाही?

आहे, अमेरिका खंडातही त्याचे आणि त्याच्या भाऊबंदांचे विधी आहेत. पण त्यातलं ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन यांचा असर होणारा डोस आणि विषारी डोस यांच्यात अंतर फारच कमी असतं. ॲमेझॉनमध्ये तोए नावाचं त्याच जातकुळीतलं झाड काही जण आयाहुआस्कात मिसळतात, अनुभव जोरदार व्हावा म्हणून. काढ्यात काय काय घातलंय हे कुणी सांगत नसेल तर तिथून उठा.

आणि तंबाखू?

लोकांना ऐकून आश्चर्य वाटतं पण ॲमेझॉनच्या वैदूला विचारलं तर तंबाखूचा नंबर बऱ्याचदा सगळ्यात वर असतो. मापाचो म्हणतात त्याला, आपल्या ओळखीच्या सिगारेटच्या तंबाखूपेक्षा खूप कडक जात. धूर फुंकून संरक्षण करायचं, गाणं त्या धुरातून पेशंटपर्यंत पाठवायचं.

हे सगळं किती जुनं आहे?

पेयोटेचा पुरावा पक्का आहे, टेक्सासमधल्या शुमला गुहांत मिळालेल्या पेयोटेच्या नमुन्यांचं वय सुमारे 5,700 वर्षं निघालं. बोलिव्हियात एका गुहेत कोल्ह्यांच्या तीन तोंडांची कातडी शिवून केलेली साधारण हजार वर्षं जुनी पिशवी मिळाली, तिच्यात हार्मिन आणि डीएमटी दोन्हीचे अंश होते, पण त्यावरून काढाच प्यायचे असं सिद्ध होत नाही, नाकात ओढायची पूडही असू शकते. आयाहुआस्का पाच हजार वर्षं जुना असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्याकडे तेवढा पुरावा नसतो.

ऋग्वेदातला सोम यातलाच एखादा होता का?

ठरलेलं नाही. वॅसननेच 1968 मध्ये मांडलं की सोम म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचं लाल मशरूम, सायबेरियात शामन वापरायचे ते. इतरांनी इफेड्रा हे झुडूप सांगितलं, काहींनी हरमल, ज्याच्या बियांत आयाहुआस्काच्या वेलीतलंच हार्मिन असतं. नवव्या मंडलात सोम कुटणं, गाळणं, दुधात मिसळणं याचं वर्णन भरपूर आहे पण झाड ओळखता येईल असं पान-फूल कुणी सांगितलेलं नाही.

कायद्याने चालतं का?

1971 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात डीएमटी, मेस्कलिन आणि सिलोसायबिन सगळ्यात कडक यादीत आहेत, पण त्यात द्रव्यांची नावं आहेत, झाडांची नाहीत. शिवाय 32 व्या कलमात सोय आहे की ज्या देशात अशी झाडं रानात उगवतात आणि छोटे ठरावीक समाज ती धार्मिक विधीत वापरतात, तो देश त्यापुरती सूट मागू शकतो, मेक्सिकोने ती मागितली. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने मूळ रहिवाशांना धार्मिक वापरासाठी पेयोटेची परवानगी आहे. ब्राझीलमध्ये आयाहुआस्काचा धार्मिक वापर मान्य आहे, तिथे सांतो दाइमे आणि उनियाओ दो वेजेताल अशी चर्चच आहेत. बाकी देशांत द्रव्यावर बंदी म्हणजे काढ्यावरही बंदी असंच बहुतेकदा धरलं जातं, आणि बाटली सोबत घेऊन विमानतळावर पकडले गेलेले लोक जेलमध्ये गेलेत.

एखाद्या सेंटरला जायचं ठरवलंच असेल तर काय बघू?

ते तुम्हाला काय विचारतात ते बघा. औषधं, आजार, घरातला मानसिक आजारांचा इतिहास, हे खोदून विचारत नसतील तर जाऊ नका. किती जण बसणार आणि सांभाळणारे किती, हॉस्पिटल किती लांब, वैदू कुठल्या समाजातला आणि कुणाकडे शिकला, हे विचारा. बायकांनी हे खास लक्षात ठेवा की विधीच्या नावाखाली लैंगिक छळ झाल्याच्या तक्रारी वेगवेगळ्या देशांतून आल्यात, त्यामुळे एकटं जाऊ नका, उपचार म्हणून कपडे काढायला किंवा खाजगी खोलीत यायला सांगितलं तर ती परंपरा नाही.

पेयोटे संपत चाललाय हे खरंय का? मग तो घेऊ नये का?

खरंय. रानात पेयोटेला बी रुजल्यापासून काढण्याजोगा व्हायला दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात, आणि त्याची जमीन शेती, गुरं, खाणी यांच्याखाली जातेय, वर चोरटी तोड. आययूसीएन या निसर्ग जपण्यासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला असुरक्षित गटात टाकलंय. त्यामुळे ज्यांचा तो देव आहे त्यांनाच पुरत नाहीये, आणि अमेरिकेत अशा वनस्पतींवरची बंदी उठवायच्या मोहिमा सुरू झाल्या तेव्हा पेयोटे चर्चच्या लोकांनी जाहीर विनंती केली की आमचा पेयोटे यातून वगळा. मला वाटतं ती विनंती बाहेरच्या माणसाने निमूट पाळावी. मेस्कलिन प्रयोगशाळेत 1919 पासून बनवता येतं, सॅन पेड्रो भराभर वाढतो, अभ्यासाला ते पुरेसं आहे. विक्सारिका आणि चर्चची जुनी माणसं पेयोटे काढतात तेव्हा फक्त जमिनीवरची टोपी आडवी कापतात आणि मूळ तसंच मातीत ठेवतात, म्हणजे काही वर्षांनी तिथेच नवीन टोप्या फुटतात. चोर अख्खा उपटून नेतात.